'भूल' आणि दायित्व : शस्त्रक्रियागृहातील परिचारिका व व्यावसायिक विमा

१. विषयाची मर्यादा

मराठीत 'भूल' या शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत येणाऱ्या क्रियापदावर अवलंबून असतो. भूल होते ती माणसाच्या हातून. भूल पडते ती रूपाची किंवा सुरांची. आणि भूल दिली जाते ती शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास. पहिल्या अर्थी ती चूक होय, तिसऱ्या अर्थी ती उपचाराचे अंग होय. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अर्थांच्या संधीवर उभा आहे : भूल देण्याच्या कामी भूल झाली, तर तिचे आर्थिक उत्तरदायित्व कोणावर येते, आणि त्या कामात जिचा हात आहे अशा परिचारिकेस विम्याचा आधार कोणत्या मार्गांनी मिळू शकतो?

हा प्रश्न वरवर पाहता वैद्यक व विमा या दोन शास्त्रांचा दिसतो. परंतु विमापत्र हा सर्वस्वी शब्दांवर उभा असलेला करार आहे. त्यात कोणाचा उल्लेख नावाने आहे, कोणाचा केवळ पदाने आहे आणि कोणाचा मुळीच नाही, यावर संरक्षण मिळणे न मिळणे ठरते. म्हणून त्याचा विचार अर्थविचाराच्या अंगाने करणे अप्रस्तुत ठरू नये. अमेरिकेत 'नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट' हे स्वतंत्र पदनाम आहे आणि त्या नावाने काढलेला स्वतंत्र विमाही आहे. भारतात हे पदनाम नाही. मात्र त्या कामाचा बराचसा भाग परिचारिकेकडेच आहे. काम आहे पण नाव नाही, या विसंगतीतून परिचारिकेच्या दायित्वाचे जवळजवळ सर्व प्रश्न निर्माण होतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. पदनामाचा इतिहास

अमेरिकेत परिचारिकांनी भूल देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा १९०६ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेने भूल देणे हा डॉक्टरी व्यवसायावरील अनधिकृत आक्रमणाचा प्रकार आहे काय, हा वाद तेथील न्यायालयांत गेला; केंटकीतील १९१७ च्या आणि कॅलिफोर्नियातील १९३६ च्या निर्णयांत त्याचे उत्तर परिचारिकांच्या बाजूने लागले. १९३१ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पदनामास कायद्याची मान्यता मिळाल्यावर त्या पदाचे दायित्व मोजता येऊ लागले, आणि जे मोजता येते त्याचा विमा उतरविता येतो.

भारतात मात्र ब्रिटिश परंपरेनुसार भूल हे डॉक्टरांचेच काम मानले गेले. आजचा हिंगोली जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, त्या संस्थानाचे नाव या शास्त्राच्या इतिहासात मोठे आहे. क्लोरोफॉर्ममुळे मृत्यू हृदय बंद पडून होतो की श्वास बंद पडून, याचा निर्णय करण्यासाठी एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन आयोगांनी प्रयोग केले, आणि त्यांचा खर्च निजामाने सोसला. त्याच काळात हैदराबादच्या वैद्यक विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांनी क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात नाव मिळविले. एक स्त्री हे काम करीत होती, परंतु ती परिचारिका म्हणून नव्हे, तर वैद्यक शिकलेली व्यक्ती म्हणून, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हीच परंपरा पुढे चालू राहिली. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ दुर्मिळ आहेत हे ओळखून शासनाने जो उपाय योजला, तोही परिचारिकांना हे काम देण्याचा नव्हे, एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांना जीवरक्षक भूलकौशल्यांचे प्रशिक्षण देण्याचा आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याने भूलविषयक तंत्रज्ञ व साहाय्यक यांचा वर्ग मान्य केला; परंतु तो वर्ग परिचारिकांचा नव्हे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ साली. अशा जिल्ह्यातील लहान खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ कायम नसतो. शस्त्रक्रियेपुरता बोलाविला जातो आणि ती आटोपताच त्यास दुसरीकडे जावे लागते. औषधे सिरिंजमध्ये भरून त्यांवर नावे लावणे, नाडी, रक्तदाब व प्राणवायूचे प्रमाण यांवर नजर ठेवणे, आणि विशेषतः रोगी शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासाकडे लक्ष देणे, ही कामे परिचारिकेकडे येतात. भुलीतील धोका औषध टोचताना जेवढा असतो, तेवढाच भूल उतरतानाही असतो. आणि त्या वेळी रोग्याच्या उशाशी बहुधा परिचारिकाच असते.

३. दायित्व कोणाचे?

वैद्यकीय हयगयीविषयीच्या भारतीय कायद्याचा एक आधारभूत निर्णय महाराष्ट्रातील, आणि भुलीशीच निगडित आहे. १९५३ साली कोकणात अपघात होऊन एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास पुण्यास आणण्यात आले. योग्य भूल न देता बळाचा वापर करून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला व त्या आघाताने त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तीन कर्तव्ये सांगितली : रोगी स्वीकारावा की नाही हे ठरविण्यात, कोणता उपचार द्यावा हे ठरविण्यात, आणि तो उपचार प्रत्यक्ष देण्यात सावधगिरी बाळगणे. भरपाईची रक्कम होती ३,००० रुपये. यांतील पहिली दोन कर्तव्ये निर्णयाची असून ती डॉक्टरची आहेत. तिसरे कर्तव्य कृतीचे आहे, आणि कृतीत परिचारिकेचा वाटा असतो.

शासकीय रुग्णालयातील परिचारिकेच्या दृष्टीने मराठवाड्यातीलच एक खटला महत्त्वाचा आहे. १९६३ साली औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात कापडी बोळा राहून गेला आणि त्या महिन्यातच ती दगावली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मान्य केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निर्णयात ती पुन्हा कायम केली. नेमकी चूक कोणत्या कर्मचाऱ्याची हे निश्चित झाले नाही, तरी नोकरांच्या हयगयीबद्दल राज्य उत्तरदायी ठरते, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले.

यावरून शासकीय परिचारिकेस विम्याची गरजच नाही, असा समज होणे शक्य आहे. तो अपुरा आहे. मालकाचे दायित्व हे नोकराच्या दायित्वाच्या जागी येत नाही, त्याच्या जोडीला येते. फिर्यादी दोघांवरही दावा लावू शकतो. १९५७ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने 'लिस्टर विरुद्ध रॉमफर्ड आइस' या खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. मालकाच्या वतीने भरपाई देणाऱ्या विमा कंपनीने मालकाच्या जागी उभे राहून ती रक्कम चुकलेल्या नोकराकडून वसूल करावी, हे त्या न्यायपीठाने मान्य केले. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. तरी मालकाचा विमा म्हणजे नोकराचा विमा नव्हे, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली.

खासगी रुग्णालयांच्या बाबतीत १९९५ च्या 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. २०१९ च्या नव्या कायद्याखालीही ती त्याच कक्षेत आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते उचलून धरले. नव्या कायद्यानुसार तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे शस्त्रक्रिया नांदेडला झाली तरी सेनगावच्या रोग्यास नांदेडला खेटे घालण्याचे कारण उरत नाही. परिचारिकेच्या हातून झालेल्या चुकीचे प्रसिद्ध उदाहरण १९९८ च्या 'स्प्रिंग मेडोज' खटल्याचे आहे. परिचारिकेने शिरेतून दिलेल्या एका इंजेक्शनमुळे बालकाचे हृदय बंद पडून मेंदूस कायमची इजा झाली. बालकास साडेबारा लाख व मातापित्यांस पाच लाख रुपये देण्याचा रुग्णालयावरील आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. डॉक्टरने जे काम स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली करावयाचे ते परिचारिकेवर सोपविणे, हीच हयगय होय, हा या निर्णयाचा मथितार्थ आहे.

फौजदारी कायद्यात तर शब्दाच्या व्याख्येवर वर्षे अवलंबून आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमानुसार हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय प्रक्रिया करताना तो 'नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी'कडून घडल्यास ही कमाल मर्यादा दोन वर्षांवर येते. परंतु या संज्ञेचे स्पष्टीकरण करताना, मान्य वैद्यक पदवी असलेली व वैद्यक नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती, असे म्हटले आहे. परिचारिकेची नोंदणी होते ती १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली, वेगळ्या नोंदवहीत. म्हणून एकाच टेबलाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी डॉक्टरसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांची, तर परिचारिकेसाठी पाच वर्षांची ठरते. अशी शिक्षा किंवा दंड यांपासून कोणताही विमा वाचवू शकत नाही. फौजदारी बचावाचा खर्च मिळावयाचा असेल, तर विमापत्रात तसे स्वतंत्र कलम असावे लागते.

४. विम्याचे तीन मार्ग

परिचारिकेस विम्याचा आधार तीन मार्गांनी मिळू शकतो. पहिला मार्ग डॉक्टरच्या विमापत्राचा. भारतातील डॉक्टरांच्या व्यावसायिक दायित्वाच्या रूढ विमापत्रात स्वतः विमेदार, परिशिष्टात नावे दिलेले अर्हताप्राप्त साहाय्यक, आणि विमेदाराने नोकरीस ठेवलेली कोणतीही परिचारिका वा तंत्रज्ञ, अशा तिघांच्या चुकीचा उल्लेख असतो. ही शब्दयोजना बारकाईने पाहिली पाहिजे. साहाय्यकाचे नाव द्यावे लागते. परिचारिकेचे द्यावे लागत नाही. ही वरवर सोय आहे; परंतु येथे परिचारिका विमेदार नसून केवळ चुकीचा उगम आहे. तिच्या चुकीमुळे डॉक्टरवर आलेले दायित्व विमा उचलतो. खुद्द तिच्यावर आलेले दायित्व तो उचलीलच असे नाही. शिवाय 'विमेदाराने नोकरीस ठेवलेली' हे विशेषण निर्णायक आहे. बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञाच्या विमापत्रात रुग्णालयाची परिचारिका बसत नाही, कारण तिला त्याने नोकरीस ठेवलेले नसते. ज्याच्या सांगण्यावरून ती काम करते त्याचा विमा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, अशी ही स्थिती आहे.

दुसरा मार्ग रुग्णालयाच्या विमापत्राचा. वैद्यकीय संस्थांसाठी असलेला हा विमा चूक व वगळणूक यांचा विमा म्हणून ओळखला जातो. बाजारातील पावतीवर 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहिण्याची मराठी रीत आहे. तेथे ही चूक दोघे मिळून निस्तरतात; येथे ती निस्तरण्यासाठी तिसरा पक्ष आगाऊ पैसे घेऊन उभा असतो. या विमापत्रात 'विमेदार' या संज्ञेची व्याख्या केवळ संस्थेपुरती आहे की कर्मचाऱ्यांचाही तीत समावेश आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. समावेश असेल, तर परिचारिकेवर व्यक्तिशः झालेला दावाही त्यात येतो आणि तिच्याकडून वसुली होण्याचा धोकाही टळतो. नसेल, तर वर सांगितलेल्या इंग्रजी खटल्यातील नोकरासारखी तिची अवस्था होऊ शकते.

तिसरा मार्ग स्वतःच्या नावाने विमा उतरविण्याचा. काही कंपन्या डॉक्टरांव्यतिरिक्त इतर आरोग्यव्यावसायिकांसही असा विमा देऊ शकतात. येथे अर्जातील व्यवसायाचे वर्णन कळीचे ठरते. केवळ 'परिचारिका' असे लिहिल्यास शस्त्रक्रियागृहातील व भूल उतरतानाच्या देखरेखीचे काम उघड होत नाही. आणि विम्याचा करार परम सद्भावाचा असल्याने महत्त्वाची माहिती न सांगणे हे दावा नाकारण्यास कारण होऊ शकते. उलटपक्षी 'भूल देणे' असे लिहिल्यास जे काम करण्याचा अधिकार नाही ते करीत असल्याची कबुली होते. म्हणून 'भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली साहाय्य व शस्त्रक्रियोत्तर निरीक्षण' असे कामाचे यथातथ्य वर्णन करणे हाच मार्ग उरतो. कायद्याचे उल्लंघन करून केलेली कृती रूढ विमापत्रांतून वगळलेली असते. डॉक्टरच्या अनुपस्थितीत परिचारिकेने स्वतः भूल दिली, तर ती कोणत्याही मार्गाने विम्याच्या संरक्षणात येईल अशी आशा बाळगता येत नाही.

५. घटनेचा काळ व दाव्याचा काळ

विमापत्रांचे काळाच्या दृष्टीने दोन प्रकार आहेत. एकात घटना विम्याच्या मुदतीत घडलेली असणे पुरते. दावा केव्हाही होवो. दुसऱ्यात दावाही मुदतीतच व्हावा लागतो. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिला प्रकार 'घडले' या क्रियापदावर उभा आहे, दुसरा 'मागितले' या क्रियापदावर. भारतातील वैद्यकीय दायित्वाचे विमे सामान्यतः दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांत एक पूर्वलक्षी तारीख दिलेली असते. विमा प्रथम घेतला तेव्हापासून तो खंड न पडता चालू असेल, तर बहुधा पहिल्या दिवसाचीच तारीख कायम राहते. खंड पडल्यास मागील वर्षांचे संरक्षण नाहीसे होते.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वसमतच्या एखाद्या खासगी रुग्णालयातील परिचारिकेने १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२३ पर्यंतचा विमा घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये भूल उतरत असताना एका रोग्यास इजा झाली. पुढे परिचारिकेने नोकरी सोडली व विम्याचे नूतनीकरण केले नाही. मुदत संपल्यावर दावे कळविण्यासाठी रूढ विमापत्रात नव्वद दिवसांपर्यंतची सवलत असते. ती जून २०२३ अखेरीस संपली. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. रोग्याने जानेवारी २०२५ मध्ये तक्रार दाखल केली, तर ती मुदतीत आहे. विमा मात्र मुदतीबाहेर आहे. हप्ता भरलेला असताना घडलेल्या घटनेसाठीही संरक्षण नाही, असा हा विपरीत परिणाम केवळ एका क्रियापदाच्या निवडीतून होतो.

त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे नोकरी सोडल्यावर वा निवृत्त झाल्यावरही निदान तक्रारीची मुदत उलटेपर्यंत विमा चालू ठेवणे. दुसरा म्हणजे दाव्याची वाट न पाहता घटना घडताच ती कंपनीस लेखी कळविणे. दावा संभवतो अशी विशिष्ट घटना मुदतीत कळविली व कंपनीने तिची नोंद स्वीकारली, तर पुढे केव्हा दावा झाला तरी तो त्या मुदतीत झाला असे धरण्याचे कलम रूढ विमापत्रांत असते. अमेरिकेत विमा संपल्यानंतरच्या दाव्यांसाठी जादा हप्ता देऊन दीर्घ मुदतीचे पुरवणी संरक्षण विकत घेता येते. तेथील नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट नोकरी बदलताना त्याचा खर्च कोणी सोसावा हे आधीच ठरवून घेतात. हा प्रश्न नेमणुकीच्या वेळीच विचारणे हिंगोलीतील परिचारिकेसही अशक्य नाही.

६. रकमेची मर्यादा

विम्याची रक्कम दोन आकड्यांनी सांगितली जाते : एका घटनेसाठीची मर्यादा आणि संपूर्ण वर्षासाठीची मर्यादा. त्यांचे प्रमाण एकास एक ते एकास चार असे निवडता येते. एकास चार या प्रमाणात एका घटनेस दहा लाख व वर्षास चाळीस लाख, असा अर्थ होतो. विक्रेत्याने 'चाळीस लाखांचा विमा' असे म्हटले तरी एका रोग्याच्या दाव्यास दहा लाखच मिळतील. बचावाचा खर्चही बहुधा याच रकमेतून जातो. भरपाईच्या रकमा १९५३ च्या घटनेतील तीन हजारांवरून २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात सुमारे सहा कोटींपर्यंत गेल्या आहेत. ते प्रकरण अपवादात्मक होते. परंतु मर्यादा निवडताना वर्षाचा आकडा न पाहता एका घटनेचा आकडा पाहावा, एवढे त्यावरून निश्चित होते. तसेच कंपनीच्या संमतीविना चूक लेखी मान्य करणे अथवा रक्कम देऊ करणे यामुळेही संरक्षण धोक्यात येते. सद्भावनेने लिहिलेले माफीपत्रही या कलमात सापडू शकते.

७. समारोप

वरील विवेचनावरून परिचारिकेने कोणते कागद पाहावेत हे ठरविता येते. नेमणूकपत्रात तिच्या कामाचे वर्णन आहे काय. रुग्णालयाच्या विमापत्रातील 'विमेदार' या शब्दात ती येते काय. पूर्वलक्षी तारीख कोणती. आणि एका घटनेची मर्यादा किती. चारही प्रश्न शब्दांचे आहेत, आणि त्यांची उत्तरे शस्त्रक्रियेच्या दिवशी शोधता येत नाहीत. देखरेख करणारा डॉक्टर कोण होता व तो किती वाजता गेला, याची भुलीच्या नोंदीत केलेली वेळेसहित टीप ही तर कोणत्याही विमापत्राइतकीच मोलाची ठरते, कारण कोणते काम कोणी कोणावर सोपविले हे तीवरूनच सिद्ध होते.

मराठीत 'भूलतज्ज्ञ' हा शब्द चांगला रुळला. भूल उतरेपर्यंत रोग्याजवळ बसणाऱ्या परिचारिकेसाठी मात्र भाषेने अद्याप वेगळा शब्द घडविलेला नाही. तिला 'सिस्टर' एवढेच म्हटले जाते. संबोधन म्हणून ते पुरेसे आहे. कराराच्या कागदावर मात्र संबोधन चालत नाही; तेथे कामाचे नेमके नाव लागते, आणि ते नाव लिहिले जाईपर्यंत त्या कामाची जोखीम ते करणाऱ्या परिचारिकेकडेच राहते.